ग्रीसमधून तेल कसं सुटतं, आणि ॲडिटिव्ह त्याच्यासोबत येतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिथियम ग्रीसची नवी बादली उघडली तर वर तेल साचलेलं दिसलं, माल खराब समजायचा का? दुसरं, मोली (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची भुकटी) घातलेल्या ग्रीसमधलं मोली वेगात फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये रोलरखाली खरंच पोचतं का? आणि तिसरं, जुनं साधं ग्रीस न काढता वरून ग्रीस गनने ईपी ग्रीसचे (ईपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, जड भार सोसण्यासाठी ॲडिटिव्ह घातलेलं) दोन-चार स्ट्रोक मारले, तर ही ॲडिटिव्ह, म्हणजे गुण वाढवायला घातलेली रसायनं, हळूहळू पसरून सगळं ग्रीस ईपी होईल का?

घाईत असाल तर उत्तरं आधीच घ्या: पहिल्याचं बहुधा नाही, दुसऱ्याचं जवळजवळ नाही, तिसऱ्याचं साफ नाही. पण कारणं कळली तर पुढच्या वेळी हे प्रश्न पडणार नाहीत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ग्रीसमध्ये वजनाने साधारण ७० ते ९५ टक्के तेलच असतं. उरलेल्यात थिकनर (तेलाला घट्टपणा देणारा पदार्थ) आणि ॲडिटिव्ह. लिथियम ग्रीसमध्ये थिकनर म्हणजे साबणाचे धागे: जाडीला मायक्रॉनचा दहावा भाग किंवा त्याच्या आसपास, लांबीला एक ते काही मायक्रॉन. हे धागे एकमेकांत अडकून जाळं तयार होतं आणि तेल त्या जाळ्याच्या छिद्रांत बसतं. तेल स्वतः तेवढंच पातळ राहतं. २२० व्हिस्कॉसिटीचं (म्हणजे दाटपणाचं) तेल घालून बनवलेल्या ग्रीसच्या पोटात २२० चंच तेल असतं. घट्ट असतं ते जाळं. पॉलियुरिया, कॅल्शियम सल्फोनेट, बेंटोनाइट माती या थिकनरमध्ये धाग्यांऐवजी पट्ट्या, कण किंवा पापुद्रे असतात, पण हिशोब तोच: एक जागचं न हलणारं जाळं आणि त्यात एक हलू शकणारं तेल.

ग्रीसला स्पंजाची उपमा सगळेच देतात. ती निम्मीच खरी आहे, आणि खोटी निम्मी जास्त महत्त्वाची आहे. स्पंज पिळला की पाणी जातं, सोडला की त्या जागी हवा येते आणि स्पंज पुन्हा फुगतो. ग्रीसमध्ये हवा आत शिरतच नाही. अर्धा मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्रात हवेला तेल ढकलून आत यायचं असेल तर पृष्ठताणामुळे सव्वा बारच्या आसपास दाब लागतो. बादलीतल्या ग्रीसवर एवढा दाब कुठून येणार? २० सेंटीमीटर उंचीच्या ग्रीसचा स्वतःचा दाब सुमारे ०.०१७ बार भरतो. म्हणजे सव्वा बारच्या सत्तराव्या हिश्शाएवढा. तरी तेल सुटतं, कारण तेल बाहेर पडताना जाळंच आकसतं. धागे जवळ येतात, छिद्रं लहान होतात, ग्रीसचं आकारमान तेवढं कमी होतं. तेलाला अडवतो तो जाळ्याचा ताठपणा, आणि तो फार नसतो.

त्यामुळे तेल सुटण्याच्या चाचण्याही सौम्यच आहेत. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेच्या डी १७४२ या साठवणुकीच्या चाचणीत ०.२५ पीएसआय हवेचा दाब, २५ अंश सेल्सिअस, २४ तास. हा दाब बरोबर त्या २० सेंटीमीटर ग्रीसएवढाच आहे, म्हणजे ही चाचणी बादलीच्या खोलीचीच नक्कल करते. आयपी १२१ या ब्रिटिश चाचणीत जाळीच्या शंकूत ग्रीस, वर १०० ग्रॅमचं वजन, ४० अंश, १६८ तास. एएसटीएम डी ६१८४ मध्ये वजन नाही, पण १०० अंशांवर ३० तास. या तिन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. डेटाशीटवर नुसतं 'ऑइल सेपरेशन २ टक्के' लिहिलेलं असेल आणि पद्धत लिहिलेली नसेल, तर तो आकडा वाचायचाच नाही.

बादलीचं आधी उरकून टाकतो. समजा १८ किलोची बादली आहे, आतला व्यास २८ सेंटीमीटर, आणि वर दोन मिलिमीटर तेल आहे. दिसायला भयंकर दिसतं. हिशोब केला तर ते १२० घन सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे ११० ग्रॅम. १८ किलोत पाऊण टक्काही नाही. उन्हात किंवा गरम गोदामात राहिलेल्या, गाडीत हादरे खाल्लेल्या बादलीत एवढं होणारच. ते ओतून टाकू नका, स्वच्छ पट्टीने परत आत मिसळा. ओतून देणाऱ्याच्या लक्षात येत नाही की त्या तेलात विरघळलेली ॲडिटिव्हही त्याच्यासोबत गटारात जातात. तेलाचा थर बोटभर असेल किंवा खालचं ग्रीस दाणेदार, भेगाळलेलं वाटत असेल, तर मात्र पेनिट्रेशन (शंकू ग्रीसमध्ये किती रुततो ते, म्हणजे घट्टपणा) तपासून घ्या. आणि ग्रीस काढताना मधोमध खड्डा करायची सवय सोडा. खड्ड्याच्या भिंतींचं वजन आतल्या बाजूने दाबतं आणि दुसऱ्या दिवशी खड्डा तेलाने भरलेला सापडतो. वरचा पृष्ठभाग सपाट करून झाकण लावलं की हा प्रकार बराच कमी होतो.

आता मूळ मुद्दा: तेल किती वेगाने सुटेल, हे कशावर ठरतं? सच्छिद्र पदार्थातून द्रव वाहण्याचा नियम हेन्री दार्सीने १८५६ मध्ये वाळूतून पाणी जाताना मांडला, आणि तो ग्रीसला बऱ्यापैकी लागू पडतो. दाब जितका जास्त तितका प्रवाह जास्त, तेल जितकं जाड तितका कमी, आणि जाळं जितकं मोकळं तितका जास्त. यातली तिसरी गोष्ट फसवी आहे. जाळ्याचा मोकळेपणा छिद्राच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. छिद्रं सरासरी निम्मी झाली की प्रवाह चौथा हिस्सा होतो. म्हणून बारीक धाग्यांचं, दाट विणीचं ग्रीस तेल कंजूषपणे देतं आणि लांब, भरड धाग्यांचं ग्रीस सढळ हाताने देतं, मग दोघांचं तेल आणि एनएलजीआय नंबर (ग्रीसच्या घट्टपणाचा दर्जा) एकच का असेना. एनएलजीआय २ याचा अर्थ एवढाच की २५ अंशांवर, ६० स्ट्रोक कुटल्यावर शंकू २६५ ते २९५ दशांश मिलिमीटर आत गेला. तेल किती सुटेल याबद्दल तो नंबर काहीही सांगत नाही. तरी 'नंबर दोनच आहे ना, मग चालेल' हे वाक्य मी अजून दर महिन्याला ऐकतो.

तापमानाचा परिणाम या नियमातून थेट दिसतो. खनिज तेलावरचं २२० ग्रेड ४० अंशांना २२० सेंटीस्टोक (व्हिस्कॉसिटीचं एकक) असतं आणि १०० अंशांना सुमारे १९. म्हणजे जाळं जसंच्या तसं राहिलं असं मानलं, तरी तेल अकरापट वेगाने बाहेर येईल. प्रत्यक्षात गरम झाल्यावर जाळंही मऊ पडतं, त्यामुळे वेग त्याहून वाढतो. उलट थंडीत हाच नळ जवळपास बंद होतो. बाहेर उभ्या असलेल्या, क्वचित आणि थोड्याच कोनात हलणाऱ्या बेअरिंगमध्ये थंड हवेत तेल संपर्काच्या जागी परत येतच नाही, आणि रोलरच्या अंतरावर रेसवेवर (रोलर ज्यावरून फिरतात त्या कड्यावरच्या वाटेवर) खळगे पडतात, ज्याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. तिथे पातळ तेलाचं आणि चांगलं तेल सोडणारं ग्रीस लागतं. अशा वेळी 'आमच्या ग्रीसमधून तेल अजिबात सुटत नाही' ही जाहिरात म्हणजे नापसंतीचं कारण समजा.

आणि तेल सुटण्याचा वेग कायम राहत नाही. सुरुवातीला भराभर येतं, मग जाळं आकसत गेलं की छिद्रं बारीक होतात आणि उरलेलं तेल अधिकाधिक घट्ट धरलं जातं. शेवटी उरतं ते धाग्यांना चिकटलेलं, काढूनही न निघणारं. म्हणून १६८ तासांच्या आकड्याला ५२ ने गुणून वर्षाचा अंदाज काढता येत नाही. बेअरिंगच्या बहुतेक ग्रीसचा आयपी १२१ चा आकडा एक ते पाच टक्क्यांत असतो. त्याहून फार कमी किंवा फार जास्त असेल तर ते ग्रीस कशासाठी बनवलंय हे आधी विचारा.

बेअरिंगमध्ये हे सगळं कसं घडतं ते पाहू. नवं ग्रीस भरून मशीन चालू केलं की पहिले काही तास नुसती घुसळण असते. तापमान चढतं, गोळे ग्रीस बाजूला फेकतात, आणि बघता बघता बहुतेक ग्रीस खांद्यांवर (रेसवेच्या कडांवर), सीलच्या आतल्या बाजूला आणि केजच्या (गोळ्यांना अंतरावर ठेवणाऱ्या पिंजऱ्याच्या) पट्ट्यांना जाऊन चिकटतं. तापमान खाली येतं. यानंतर ट्रॅकवर, म्हणजे गोळ्यांच्या वाटेवर, ग्रीस जवळपास नसतंच. तिथे असतो तेलाचा थर, मायक्रॉनच्या काही दशांश जाडीचा, आणि साबणाचे चिरडलेले अवशेष. ६२०५ सारखं बेअरिंग घ्या, आतला व्यास २५, बाहेरचा ५२ मिलिमीटर. दोन्ही रेसवेवरचा दोन मिलिमीटरचा पट्टा आणि गोळ्यांचा सगळा पृष्ठभाग ०.३ मायक्रॉन तेलाने माखायचा म्हटला तरी एक घन मिलिमीटर तेल लागत नाही. आत दीड ग्रॅम ग्रीस भरलं असेल तर त्यात याच्या हजारपटीहून जास्त तेल आहे. म्हणजे साठ्याची कमी नाही. अडचण असते ती साठ्यातून ट्रॅकपर्यंत पोचण्याची.

ते पोचतं तीन-चार वाटांनी. बाजूच्या ढिगातून झिरपून आणि पृष्ठभागावरून सरकत. केज आणि गोळा यांच्यात ग्रीस चिरडलं जाऊन. आणि कधीकधी ट्रॅकवरचा थर फारच पातळ झाला की घर्षणाने तापमान चढतं, बाजूचं ग्रीस मऊ होतं, त्याचा एखादा लपका आत ढासळतो आणि पुन्हा काही वेळ सगळं ठीक चालतं. प्रयोगशाळेत बेअरिंगच्या तापमानाचा आलेख काढला तर अधूनमधून एकदम उंच जाणारे टोक दिसतात, ते हेच. ज्यांनी कंपन आणि तापमान सतत मोजणारी यंत्रणा बसवली आहे त्यांनी असं एखादं टोक दिसताच ग्रीस गन घेऊन धावू नये. टोकं जवळजवळ यायला लागली तर धावावं.

ग्रीसचं आयुष्य संपतं तेव्हा बहुधा ग्रीस संपलेलं नसतं. जळालेलं बेअरिंग उघडल्यावर 'अहो, ग्रीस तर भरपूर आहे की' असं म्हणणारे सगळीकडे भेटतात. ते भरपूर असलेलं चिमटीत घेऊन बघा. नव्या ग्रीसने बोट तेलकट चकचकीत होतं. हे मेणासारखं चुरगळतं आणि बोटावर भुरकट माती राहते. तो साबण आहे, तेल त्यातून निघून गेलंय. ढोबळ मानाने निम्मं तेल गेलं की ग्रीस मेलं असं धरतात, कारण उरलेलं निम्मं तेल जाळं सोडतच नाही. तापमान ७० अंशांच्या वर गेलं की दर १५ अंशांना ग्रीस देण्याची मुदत निम्मी करायची, हा कामाचा नियम याच्याशी जुळतो. गरमीत तेल लवकर सुटतं, पातळ थरात लवकर उडतं आणि ऑक्सिडेशनही झपाट्याने होतं. १०० अंशांना मुदत चौथा हिस्सा.

आता ॲडिटिव्ह. डेटाशीटवर ती एका ओळीत लिहिलेली असतात, पण हलण्याच्या बाबतीत त्यांच्या तीन जाती आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

पहिली जात तेलात विरघळलेल्यांची: फिनॉल आणि अमाइन प्रकारचे ऑक्सिडेशनरोधक, झेडडीडीपी (झिंक असलेलं झीजरोधक), गंधक-फॉस्फरसची ईपी ॲडिटिव्ह. यांचे रेणू नॅनोमीटरच्या मापाचे, छिद्रं त्याच्या शेकडोपट मोठी. गाळलं जाण्याचा प्रश्नच नाही, तेल जिकडे जाईल तिकडे हे जातील. पण इथे एक मेख आहे. यातली बरीचशी ध्रुवीय (रेणूत विद्युतभार किंचित असमान वाटलेली) असतात, त्यांना पृष्ठभागाला चिकटायला आवडतं. लोखंडाला चिकटतात म्हणूनच ती उपयोगी आहेत. साबणाच्या धाग्यांचा पृष्ठभागही ध्रुवीयच, आणि तो प्रचंड आहे. मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे धागे, एका ग्रॅम ग्रीसमध्ये त्यांचा एकूण पृष्ठभाग काही चौरस मीटर भरतो. त्यामानाने बेअरिंगचा रेसवे म्हणजे काहीच नाही. म्हणून ॲडिटिव्हचा काही भाग वाटेतच धाग्यांवर बसतो आणि बाहेर येणाऱ्या तेलात त्याचं प्रमाण मूळ मिश्रणापेक्षा कमी असू शकतं. किती कमी, ते थिकनर कुठला, तेल कुठलं यावर अवलंबून. खनिज तेल किंवा पीएओ (एक कृत्रिम तेल) ध्रुवीय नसतं, त्यात ॲडिटिव्ह धाग्यांकडे जास्त ओढली जातात. एस्टर तेल स्वतःच ध्रुवीय, ते धाग्यांवरच्या जागा अडवतं आणि ॲडिटिव्हला तेलात राहू देतं. तापमान वाढलं की चिकटलेली काही सुटतात. यामुळेच एखादं ॲडिटिव्ह गिअर ऑइलमध्ये उत्तम चाललं म्हणून तेवढ्याच टक्क्यांत ग्रीसमध्ये चालेल, असं धरता येत नाही.

दुसरी जात पॉलिमरची. चिकटपणा आणि तार येण्यासाठी पॉलिआयसोब्युटिलीन वगैरे घालतात. हे लांबलचक रेणू छिद्रांतून जायला नाखूश, आणि तेलाचीही वाट जड करतात. पॉलिमर घातलेल्या ग्रीसमधून तेल कमी सुटतं. पाण्याने धुऊन जाण्याच्या जागी, उघड्या गिअरवर हे हवंच असतं. वेगवान बेअरिंगमध्ये नको.

तिसरी जात घन कणांची: मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ग्राफाइट, पीटीएफई (टेफ्लॉन). मोलीची बारीक भुकटी म्हटली तरी कण एक ते काही मायक्रॉनचे, भरड असेल तर त्याहून कितीतरी मोठे. छिद्रं बहुतेक त्याहून लहान, आणि कण धाग्यांत रुतलेला. तेल निघून जातं, कण तिथेच. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अगदी सोपं आहे. गाळणकागदावर मटारएवढं मोली ग्रीस ठेवा आणि ६० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून द्या. बाहेर काढल्यावर मध्ये काळा ठिपका, जिथे ग्रीस होतं तेवढाच, आणि त्याच्याभोवती पसरलेलं तेलाचं स्वच्छ पिवळसर वर्तुळ. काळ्याची कड जिथल्या तिथे असते, वर्तुळात काळेपणाचा मागमूस नसतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर आहे. वेगवान बेअरिंगमध्ये घुसळण संपल्यावर ट्रॅकला जे मिळतं ते त्या पिवळ्या वर्तुळातलं. मोली बाजूच्या ढिगात आरामात बसून असतं. सुरुवातीच्या घुसळणीत थोडं रेसवेवर घासलं गेलं असेल तर तेवढंच.

याचा अर्थ मोली निरुपयोगी असा नाही. पिन-बुश, स्प्लाइन, लोडरच्या बकेटचे सांधे, हळू फिरणारे टर्नटेबल, अशा जागी ग्रीस स्वतःच भाराखाली जातं आणि त्यासोबत कणही जातात. तिथे तीन ते पाच टक्के मोली पैसे वसूल करून देतं. पण ३००० आरपीएमच्या मोटारीला मोली ग्रीस घालणाऱ्याने ते कशासाठी घातलं हे एकदा स्वतःला विचारावं. गंज रोखण्यासाठी घातलेली काही ॲडिटिव्हही घन असतात, उदाहरणार्थ डायसोडियम सिबॅकेट. तीही तेलासोबत येत नाहीत, ग्रीस जिथे आहे तिथेच पहारा देतात.

थिकनरबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुस्तकी उत्तरात 'थिकनर फक्त तेल धरून ठेवतो' असं असतं. हळू वेगाला ग्रीसने होणारा थर नुसत्या तेलाच्या हिशोबापेक्षा जाड मोजला गेला आहे, कारण साबणाचे तुकडे संपर्कातून जाताना ट्रॅकवर एक लेप ठेवून जातात. कॅल्शियम सल्फोनेटमध्ये तर थिकनरच ईपीचं काम करतो. म्हणून हळू आणि जड कामाला 'तेल सुटतं किती' एवढ्यावर ग्रीस निवडलं तर चुकेल. तिथे जाळंही कामगार आहे.

तिसरा प्रश्न, वरून मारलेल्या ईपी ग्रीसचा. यात ॲडिटिव्हला जुन्या ग्रीसमध्ये शिरायला दोनच मार्ग: यांत्रिक मिसळण किंवा रेणूंचं आपोआप पसरणं. दुसऱ्याचा हिशोब करून बघू. ४० अंशांना २२० ग्रेडचं तेल, ॲडिटिव्हचा रेणू अर्ध्या नॅनोमीटर त्रिज्येचा. स्टोक्स-आइनस्टाइन सूत्राने पसरण्याचा गुणांक सेकंदाला २ × १०⁻¹² चौरस मीटरच्या आसपास येतो. यावरून एक मिलिमीटर सरकायला अडीच दिवस. बरं वाटतं ना? पण पसरण्याचा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. एक सेंटीमीटरला आठ-नऊ महिने. पाच सेंटीमीटरला अठरा वर्षं. बेअरिंग ९० अंशांवर चालत असेल तर तेल नऊपट पातळ होतं, म्हणजे सेंटीमीटरला महिना; आणि यात धाग्यांना चिकटून होणारा उशीर अजून धरलेलाच नाही. हा ढोबळ अंदाज आहे, दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे होईल, पण निष्कर्ष बदलत नाही. मोठ्या हाउसिंगमध्ये ॲडिटिव्ह आपोआप पसरून सगळं ग्रीस ईपी होणार नाही.

मग यांत्रिक मिसळण? निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) गेलेलं ग्रीस सगळीकडे सारखं पसरत नाही. जुनं वाळलेलं ग्रीस घट्ट असतं, नवं मऊ. नवं ग्रीस सोपी वाट शोधतं, जुन्यातून एक बोगदा पाडतं आणि सीलमधून बाहेर येतं. बाहेर नवा रंग दिसला म्हणून आत सगळं नवं झालं असं समजण्यात अर्थ नाही. ग्रीस बदलायचंच असेल तर नीट बदला: खालचा ड्रेन प्लग काढा, बेअरिंग गरम आणि सुरक्षित असेल तिथे फिरतं ठेवा, थोडं थोडं ग्रीस द्या, मध्ये थांबा, म्हणजे गोळे जुनं ग्रीस ढवळून बाहेर ढकलतील. नुसते स्ट्रोक मोजून उपयोग नाही. आणि दोन ग्रीसचे थिकनर वेगळे असतील, लिथियममध्ये काही पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट, तर मिश्रणात जाळं मोडून एकदम सगळं तेल सुटू शकतं, किंवा उलट दगडासारखं घट्ट होऊ शकतं. पुरवठादाराकडे मिश्रणाची चाचणी मागा. त्यासाठी एएसटीएम डी ६१८५ आहे.

तेल सुटण्याचे दोन अवघड प्रकार राहिले.

एक गिअर कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारी दातेरी जोडणी. १५० मिलिमीटर त्रिज्येवर ३००० आरपीएमला केंद्रोत्सारी बल गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजारपट होतं. लोकांना वाटतं की तेल पातळ, ते बाहेर फेकलं जाईल. होतं उलट. साबण तेलापेक्षा किंचित जड असतो, तो बाहेरच्या दातांवर जाऊन बसतो आणि तेल आत मध्याकडे राहतं. कपलिंग उघडलं की दातांत मेणासारखी गच्च खीर भरलेली, आणि दात कोरडे झिजलेले. इथे बेअरिंगचं चांगलं ग्रीस घालणं हीच चूक ठरते. कपलिंगसाठी वेगळं ग्रीस असतं, त्याची चाचणी ३६,००० पट गुरुत्वाकर्षणाच्या सेंट्रिफ्यूजमध्ये होते, एएसटीएम डी ४४२५. हा आकडा डेटाशीटवर नसेल तर ते कपलिंग ग्रीस नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

दुसरा केंद्रीय लुब्रिकेशनच्या, म्हणजे एका पंपाने अनेक जागी ग्रीस पोचवणाऱ्या, लांब पाइपांचा. पंप शेकडो बार दाब देतो, आणि वितरकाच्या पिस्टनभोवतीची फट काही मायक्रॉनची. दाब पाइपमध्ये कोंडून राहिला तर त्या फटीतून तेल पाझरत राहतं, साबण मागे साचतो, आणि एक दिवस पाइपच बंद. पंपाला दोष दिला जातो. काम झाल्यावर दाब सोडला जातो की नाही ते आधी बघा. ग्रीस गनचंही तसंच: ठेवताना आतल्या स्प्रिंगचा दाब काढून ठेवला की खाली तेलाचं तळं होत नाही.

सिलिकॉन आणि काही पीएफपीई (फ्लोरिनयुक्त कृत्रिम) तेलं पृष्ठभागावरून स्वतःहून सरकतात, त्यातही गरम जागेकडून थंड जागेकडे, कारण थंड भागात तेलाचा पृष्ठताण जास्त असतो. विजेच्या स्विचजवळ किंवा रंगकामाच्या विभागात सिलिकॉन ग्रीस का चालत नाही याचं कारण हेच. घड्याळं आणि उपग्रहांच्या यंत्रणांत तेलाची वाट अडवायला कडेला तेल न पसरू देणाऱ्या लेपाची रेघ मारतात.

शेवटी, हातात असलेलं ग्रीस अजून जिवंत आहे की नाही हे कसं बघायचं. मघाशी सांगितलेली कागदाची चाचणी इथेही चालते. नवं आणि वापरलेलं ग्रीस सारख्याच मापाने, शेजारी शेजारी, ६० अंश, दोन तास. दोन्ही वर्तुळांचा व्यास मोजा, वर्ग करा, त्यातून ग्रीसच्या ठिपक्याच्या व्यासाचा वर्ग वजा करा. नव्याचं वर्तुळ ३० मिलिमीटर, वापरलेल्याचं १८, ठिपका १० असेल तर ८०० आणि २२४, म्हणजे तेल देण्याची ताकद पाव हिश्शाच्या जवळ आली. मुदत कमी करा. वापरलेल्याचं वर्तुळ नव्यापेक्षा मोठं आलं तर जाळं मोडलंय, दुसरं ग्रीस किंवा पाणी मिसळलं आहे का ते शोधा. आणि मोठ्या खरेदीआधी ईपी ॲडिटिव्ह खरंच तेलासोबत येतात का हे बघायचं असेल, तर पुरवठादाराला आयपी १२१ च्या चाचणीत कपमध्ये जमलेलं तेल फेकू नका म्हणून सांगा. त्या तेलातलं फॉस्फरस, गंधक आणि झिंक मोजायला लावा आणि मूळ ग्रीसच्या आकड्यांशेजारी ठेवायला सांगा. काही जण लगेच देतात, काही जण टाळाटाळ करतात. टाळणाऱ्याकडे त्या ग्रीसचा नमुना मागून तुम्ही स्वतःच कुठल्याही तेल-चाचणी प्रयोगशाळेत ते करून घेऊ शकता.